गाणं ऐकायला काय घ्यावं, यात माझं दीड वर्ष गेलं

दीड वर्षापूर्वी माझा जुना फोन बंद पडला आणि नवीन घेतला तर त्याला इअरफोनची पिन बसायला जागाच नाही, खाली नुसतं चार्जिंगचं भोक. अ‍ॅपलनं २०१६ ला आयफोन ७ मधनं ती जागा काढली आणि मग बाकीच्यांनी पण हळूहळू काढली हे मला माहीत होतं, पण आपल्यावर वेळ येईपर्यंत कोण लक्ष देतंय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि कामाला बसनं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाते, जायला पाऊण तास यायला पाऊण तास, म्हणजे रोजचा दीड तास फक्त मी आणि माझं गाणं. लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले, दहावीनंतर ते सुटलं, पण ऐकायचं सुटलं नाही. घरात आण्णा, म्हणजे माझे वडील, ते तर देवल क्लबच्या, म्हणजे इथल्या जुन्या गाण्याच्या संस्थेच्या, बैठकांना जाऊन जाऊन कान तयार केलेला माणूस. शाहू महाराजांनी मोठे गवई अल्लादियाखाँसाहेबांना इथं दरबारात आणलं, त्यांच्याकडं केसरबाई शिकल्या, मोगूबाई शिकल्या, त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब तर कोल्हापुरातच राहिले आणि मल्लिकार्जुन मन्सूर या भुर्जीखाँसाहेबांकडं शिकले, हे सगळं आमच्या घरात देवाधर्मासारखं सांगितलं जायचं. त्यामुळं माझी गरज पहिल्यापासून ठरलेली होती, मला छाती हादरवणारा बास नको होता, मला खुला आकार, म्हणजे 'आ' वर मोकळा गायलेला सूर, स्वच्छ पाहिजे, एका श्वासातली लांब वळणाची तान तुटक न होता कानात उतरली पाहिजे आणि मागं तानपुरा नुसती घरघर न वाटता त्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता गुंजारव, ऐकू आली पाहिजे, बास.

आता मी काय चूक केली ते सांगते, कारण माझ्यासारखी चूक लई जण करतात असं मला नंतर कळलं. मी आधी प्लेअर घेतला. फोनमधनं चांगला आवाज येत नाही, गाण्यासाठी वेगळा प्लेअरच पाहिजे, असं डोक्यात बसलेलं, म्हणून एकाकडनं वापरलेला प्लेअर ११,००० ला घेतला. धातूची जाड बॉडी, गोल फिरणारं व्हॉल्यूमचं बटण, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ असं मागं छापलेलं, हातात धरला की वजनदार वाटायचा. इअरफोन माझे जुनेच, सातशे रुपयांचे. आणि खरं सांगते, पहिले पंधरा दिवस मी हवेत होते, सगळ्यांना सांगत सुटले की फरक काय आहे बघा, आवाज कसा भरीव झालाय, जागा कशी मोकळी झालीय.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, "ताई, तू डोळ्यानं ऐकालीस. तू तिकडं तोंड करून बस, मी बदलतो, तू सांग कुठला लावलाय." मला रागच आला, पण राग यायचं कारण वेगळं होतं. मी कामाला इन्स्पेक्शनमध्ये आहे आणि कामावर मी दुसऱ्यांना रोज हेच सांगत असते. आमच्याकडं नवीन गेज, म्हणजे मोजायचं साधन, आला की आधी गेजचीच परीक्षा होते, तीन माणसं, दहा पार्ट, प्रत्येक पार्ट दोन-तीनदा मोजायचा, हातातला पार्ट कितव्या नंबरचा आहे ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि मग हिशोब काढायचा की फरक पार्टमध्ये आहे का मोजणाऱ्याच्या हातात. हे मी आठ वर्षं करते आणि ११,००० घालवताना माझ्या स्वतःच्या कानाला एकदाही लावलं नाही.

मग नीट करायचं ठरवलं. एक साधा डोंगल घेतला, हजारभर रुपयाचा, चार्जिंगच्या भोकात लावायचा, बोटाच्या पेराएवढा, त्याच्यातच डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. एका बाजूला फोन आणि डोंगल, दुसऱ्या बाजूला प्लेअर. पण आधी आवाज सारखा करायला पाहिजे, कारण किंचित मोठा आवाज आपल्या कानाला मोठा वाटत नाही, "चांगला" वाटतो, हीच सगळ्यात मोठी फसगत आहे. मेंटेनन्समधनं मल्टिमीटर मागून आणला. साधा मल्टिमीटर एसी व्होल्ट मोजायला घरच्या ५० हर्ट्झच्या लायनीसाठी बनवलेला असतो, फार वरच्या फ्रिक्वेन्सीला तो काहीही दाखवतो, म्हणून १०० हर्ट्झचा सलग टोन लावला, दोन फाट्यांचा जॅक घेऊन एका फाट्याला इअरफोन आणि दुसऱ्या फाट्याला जुन्या पिनेच्या तारा काढून मीटर. मी रोज ज्या आवाजावर ऐकायचे तिथं प्लेअर देत होता २०० मिलिव्होल्ट आणि डोंगल १६८. म्हणजे दीड डेसिबलचा फरक. मला जो "भरीवपणा" वाटत होता तो हा होता. व्होल्टेज १ टक्क्याच्या आत जुळवलं की फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो आणि तेवढा कानाला कळत नाही, तसं जुळवलं, भाऊ मागं बसला, नाणं उडवून लावत गेला आणि मी सांगत गेले. १६ वेळा केलं. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर म्हणायचं की खरंच ओळखता येतंय, कारण नुसत्या नशिबानं एवढे यायची शक्यता ४ टक्क्यांपेक्षा कमी आहे. माझे आले ८. बरोबर निम्मे.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही, उलट मला इथनंच खरी गोडी लागली, कारण नंतर मैत्रिणीचा एक महागातला इअरफोन आणला, ज्यात एक साधा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, आणि तीन-चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे वेगळ्या जातीचे बारके ड्रायव्हर, असतात, आणि त्याच्यावर मात्र प्लेअर आणि डोंगल सरळ वेगळे वाटले, १६ पैकी १५ बरोबर. आणि वाईट होता तो प्लेअर! वरचा भाग दबलेला, जवारी गेलेली. हे असं का, म्हणून शाहूपुरीतनं दोन रुपयाचा ३३ ओहमचा रेझिस्टर आणला, प्लेअर मोकळा असताना २०० मिलिव्होल्ट आणि हा रेझिस्टर लावल्यावर १५३. गुणाकार भागाकार केला की प्लेअरच्या आत स्वतःचाच रोध १० ओहमच्या आसपास निघतो. साध्या एका ड्रायव्हरच्या इअरफोनला त्याचं विशेष काही नाही, त्याचा इंपीडन्स, म्हणजे रोध, सगळ्या सुरांना बहुतेक सारखाच असतो, पण हा चार-पाच तुकड्यांचा इअरफोन एका फ्रिक्वेन्सीला तीस ओहम तर दुसरीकडं एकदम आठ-दहावर येतो आणि मग तिथला आवाज प्लेअरच्या आतच अडकतो. म्हणून जाणकार म्हणतात की प्लेअरचा आतला रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी पाहिजे. तोच रेझिस्टर लावून डोंगल बघितला तर त्याचं व्होल्टेज जेमतेम हललं. म्हणजे हजाराच्या डोंगलपुढं ११,००० चा प्लेअर मागं पडला आणि ते मी माझ्या हातानं मोजलं. बिट आणि किलोहर्ट्झचं म्हणाल तर सीडी १९८२ ला आली तेव्हापासून १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ आहे, त्यात २० किलोहर्ट्झच्या वरपर्यंतचा सूर मावतो आणि सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा यात ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, आपल्या राजारामपुरीच्या घरात रात्री बारालासुद्धा पंख्याचा आवाज धरून तेवढी शांतता नसते.

मग हेडफोनच्या मागं लागले. इथं गावात ऐकून बघायची सोय मला मिळाली नाही, महाद्वार रोडला फिरले, राजारामपुरीत फिरले, एका दुकानात मालक भला माणूस होता, तो म्हणाला, "मॅडम, ऐकायचं म्हणजे पाकीट फोडावं लागतंय, कानात घातलेला माल मी दुसऱ्याला कसा देणार?" त्याचं पण बरोबरच आहे. शेवटी पुण्याला मावसबहिणीकडं गेले तेव्हा एका दुकानात तीन तास बसले. माझ्या पाच फाइल पेनड्राइव्हवर आणि फोनमध्ये घेऊन गेलेले, आणि हे मी सगळ्यांना सांगेन की दुकानातली त्यांची गाणी ऐकू नका, ती सगळ्यावर चांगलीच वाजतात. माझ्या पाचात एक नुसता तानपुरा होता, एक बाईचा खुला आकार, एक पुरुषाचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सुरांतला, आलाप, एक भजन ज्यात टाळ लई आहेत आणि एक लाइव्ह बैठक ज्यात लोक खोकतात, दाद देतात. टाळ वाईट हेडफोनवर पत्र्यासारखे वाजतात, लगेच कळतं.

तिथं सेनहायझरचा एचडी ६०० ऐकला, १९९७ पासून निघतोय. मागनं उघडा असतो, म्हणजे जाळी, आवाज बाहेर पण येतो आणि बाहेरचा आत पण. बाईचा आकार लावला आणि मी दुकानात डोळे पुसले, एवढंच सांगते. पण तो ३०० ओहमचा आहे. माझ्या डोंगलमधनं जास्तीत जास्त १ व्होल्ट निघतं, ते ३२ ओहमच्या इअरफोनला ३१ मिलिवॅट पोचतं आणि ३०० ओहमला फक्त ३.३, म्हणजे त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आला, आणि बसमध्ये तर तो उपयोगाचाच नाही. किंमत पण माझ्या आवाक्यातली नव्हती. ठेवून आले.

बससाठी कानात आत जाणारेच पाहिजेत हे पक्कं झालं, कारण गाडीचं इंजिन खालच्या पट्टीत सतत घुमत असतं, तेच नेमकं खर्ज खाऊन टाकतं आणि मग आपण आवाज वाढवतो. मूनड्रॉपचा चू ऐकला, सेव्हनहर्ट्झचा झिरो ऐकला, दोन्ही एकाच ड्रायव्हरचे आणि दोन हजाराच्या आसपासचे, आणि ते ऐकून मी मैत्रिणीचा महागातला काढून ठेवला. हे खोटं वाटेल म्हणून सांगते, २०१७ मध्ये ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं २८३ हेडफोन मोजून बघितले आणि किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खालचे-वरचे सूर किती जोरात वाजतात ते, यांचा एकमेकांशी संबंधच सापडला नाही असं लिहून ठेवलंय. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना काय लावलंय ते न सांगता ऐकवून कुठला तोल जास्त जणांना आवडतो ते काढलंय, आता स्वस्तातले चांगले इअरफोन बरेचसे त्याच्या आसपास ठेवून बनवतात. मी झिरो घेतला, कारण त्याची वायर निघते. मी ऐकलेल्या चूची निघत नव्हती आणि माझ्या अनुभवात इअरफोन मरतो तो पिनेपाशी वायर तुटूनच.

आणि घरी आणून लावला तर बास गायब! पुण्यात ऐकलेला आवाज हा नव्हेच. दोन दिवस मला वाटलं डुप्लिकेट माल दिला. मग लक्षात आलं की दुकानात त्या पोरानं माझ्या कानात घालताना बोंड बदललं होतं. ही रबरी बोंडं, इअरटिप, याच्याकडं कोण लक्ष देत नाही आणि अर्धा आवाज त्याच्यात आहे. कानाच्या भिंतीला बोंड घट्ट बसलं नाही तर खालचा आवाज फटीतनं निसटतो. आमच्या कामाच्या भाषेत क्लिअरन्स फिट, म्हणजे सैल बसणारं, चालत नाही, हलका इंटरफेरन्स फिट, म्हणजे थोडं दाबून बसणारं, पाहिजे. पार्टचं भोक मोजल्यासारखं एकेक साइज लावून ४० हर्ट्झचा टोन ऐकत बसले, आणि माझा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा निघाला, उजव्याला मोठं बोंड आणि डाव्याला मधलं असं लावते आता. फोमचं पण आणलं, ते दाबून घालायचं आणि कानात फुगतं, बाहेरचा आवाज लई अडवतं, पण एप्रिलच्या घामात दोन आठवड्यात चिकट होतं आणि वरचा आवाज थोडा खातं, म्हणून पावसाळा-हिवाळ्यात फोम आणि उन्हाळ्यात सिलिकॉन.

बोंड नीट बसल्यापासून बसमधला माझा व्हॉल्यूम पाच-सहा पायऱ्या खाली आला, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डब्ल्यूएचओ सांगतं की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला १०. कारखान्यात मशीनचा आवाज वेगळाच. कंपनीत वर्षाला आमचे कान तपासतात, ती तपासणी ८,००० हर्ट्झपर्यंतच असते, त्यात माझ्याबरोबरच्या दोघांचा ४,००० हर्ट्झला कमी ऐकू येण्याचा खड्डा मी कागदावर बघितलाय, आणि तो खड्डा भरून येत नाही. हजाराचा डोंगल बदलता येतो.

ब्लूटूथचं सगळे विचारतात. वाईट नाही. एलडॅक हा कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरनं आवाज दाबून पाठवायची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, साधे कोडेक पण आता बरे आहेत, आणि बाहेरचा आवाज कापणारे घेतले तर बसच्या घुमण्यावर ते खरंच काम करतात. माझं म्हणणं एवढंच की त्यातली बारकी बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते आणि ती बदलून मिळत नाही.

फाइलचं पण सोळा-सोळा वेळा केलं. एकाच फ्लॅकपासून, म्हणजे काही न हरवता साठवलेल्या फाइलपासून, मी स्वतः ३२० आणि १२८ किलोबिटचे एमपीथ्री बनवले, कारण दोन ठिकाणनं आणलेल्या फाइल म्हणजे दोन वेगळी रेकॉर्डिंग असू शकतात. ३२० आणि फ्लॅकमध्ये ९ बरोबर, म्हणजे मला ओळखता येत नाही. १२८ मध्ये १४, आणि ते गाण्यात नाही, सुरुवातीच्या नुसत्या तानपुऱ्यात आणि टाळात, तिथं आवाज पाण्याखालनं आल्यासारखा लटपटतो. तरी मी साठवते फ्लॅकमध्येच, जागा सीडीच्या साधारण निम्म्यापेक्षा थोडी जास्त लागते, पण त्यात काही हरवत नाही आणि त्यापासून पुढं काहीही बनवता येतं. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या "हाय-रेझ" म्हणून विकतात ते घेऊ नका, त्या तबकडीत जे नाहीच ते १९२ किलोहर्ट्झ कुठनं आणणार? ती तबकडी स्वच्छ धुवून योग्य सुईनं कोण वाजवलीय ते बघा.

मूळ रेकॉर्डिंग नीट वाजवणं किती मोठं असतं, हे मला आण्णांच्या कॅसेटमुळं कळलं. त्यांच्याकडं ऐंशीच्या वर कॅसेट आहेत, खाजगी बैठका, रेडिओवरनं घेतलेलं, मित्रांकडनं कॉपी केलेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा काही न बोलता कपाटातनं ती खोकी काढून बसले आणि मला म्हणाले, "हे फोनमध्ये घालून दे गं." मी जुना कॅसेट डेक दुरुस्त करून घेतला आणि फोनसाठी भरायला लागले, आवाज सगळा घोंगडीखालनं. मला वाटलं कॅसेटच गेल्या. मग ज्यानं डेक दुरुस्त केला त्या काकांनी सांगितलं की टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, अ‍ॅझिमथचा, ज्या मशीनवर टेप भरली त्याचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात हे हेड आणावं लागतं, नाहीतर वरचा आवाज जातो. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन पाव फेरा, त्याच्या निम्मा, परत मागं, आणि एका जागी तानपुरा एकदम समोर येऊन बसला. दीड वर्षात मी प्लेअर बदलला, इअरफोन बदलला, बोंडं बदलली, पण एवढा मोठा फरक मला कशानंच दाखवला नाही जेवढा त्या स्क्रूनं दाखवला. आता प्रत्येक कॅसेटला स्क्रू नव्यानं लावते, एका कॅसेटला वीस मिनिटं जातात.

आण्णांना कानात घालायचे चालत नाहीत, गुदमरल्यासारखं होतंय म्हणतात, आणि आईनं हाक मारलेली ऐकू येत नाही ही घरातली दुसरी अडचण. त्यांच्यासाठी कॉसचा पोर्टाप्रो मागवला, १९८४ चं डिझाइन अजून तसंच चालू आहे, कानावर हलका बसतो, उघडा आहे, ६० ओहम, माझ्या डोंगलवर आरामात चालतो. पहिल्या दिवशी त्यांनी घातला आणि दोन मिनिटांत काढून मला दिला, "तबला उजवीकडं होता, हे उलटं आहे." मी बघितलं तर खरंच, डाव्या-उजव्या वायरी भरताना माझ्याकडनं अदलाबदल झालेली. त्यांचं वय ७२ आहे आणि वरचं त्यांना कमी ऐकू येतं, पण बैठक कुठं बसून ऐकली ते त्यांच्या डोक्यात आहे. सात कॅसेट परत भरल्या.

एकतीस झाल्यात आत्तापर्यंत. वापरलेला प्लेअर भाऊ घेऊन गेला, त्याच्या साध्या इअरफोनवर तो व्यवस्थित चालतो. उद्या रविवार, बत्तीसावी लावायचीय, तिच्यावर आण्णांच्या अक्षरात पेन्सिलनं फक्त "देवल क्लब, पाऊस" एवढंच लिहिलंय आणि गाणं कुणाचं आहे ते त्यांनाही आठवत नाही.